तासगाव कोणत्या जिल्ह्यात?

जनरल रजिस्टरात जुनी नोंद शोधणे शिक्षकांना नवे नाही. नातू आजोबांच्या दाखल्यासाठी येतो. जात पडताळणी त्या एका ओळीवर अडलेली असते. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली. त्यांत शाळांची रजिस्टरेही होती, आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली.

हेच काम संगणकाला सांगायचे झाले तर? रजिस्टरातली प्रत्येक नोंद म्हणजे रकान्याचे नाव आणि त्यात लिहिलेला मजकूर यांच्या जोड्या. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉन या संगणकभाषेत अशा नोंदीला ‘डिक्शनरी’ म्हणतात. रजिस्टर म्हणजे अशा डिक्शनऱ्यांची यादी. ‘जिल्हा’ या रकान्यात कुठे ‘सांगली’ आहे का, हे पाहायला 2006 पासून त्या भाषेत ‘एनी’ नावाचे फलन आहे. ते आपल्यासारखेच पहिल्या नोंदीपासून निघते आणि जुळणी मिळताच थांबते. ‘आहे’ म्हणायला एक नोंद पुरते, ‘नाही’ म्हणायला मात्र शेवटचे पान गाठावे लागते. (जुन्या नोंदीत तो रकानाच नसेल तर साधा शोध चूक दाखवून मध्येच बंद पडतो. त्याची सोय आधी करावी लागते.)

पण खरी अडचण इतिहासाची आहे. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये जिल्हा विभागला गेला. हे तालुके आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा झाला. 1960 मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले.

समजा, तासगावच्या एकाच घरातली तीन भावंडे 1945, 1952 आणि 1962 मध्ये शाळेत दाखल झाली. जिल्ह्याच्या रकान्यात अनुक्रमे सातारा, दक्षिण सातारा आणि सांगली येईल. संगणक अक्षरे जुळवतो. त्याला घर ठाऊक नसते. ‘सांगली’ विचारले तर धाकटाच सापडेल. नेमके ‘सातारा’ विचारले तर थोरलाच. ‘सातारा’ हा शब्द ज्यात येतो ते सारे मागितले, तर दोघे सापडतील खरे, पण उत्तर सातारा जिल्ह्यातली मुलेही सोबत येतील!

म्हणून आम्ही आधी त्या त्या सालची नावे कागदावर मांडतो, मग त्यांपैकी कोणतेही आहे का ते विचारतो. नुसता तालुका विचारला तर सोपे पडते, तासगाव तिन्ही नोंदींत तासगावच आहे. गाव आजच्या पलूस तालुक्यातले असेल तर मात्र तीही वाट बंद. तो तालुका पुढे तासगावातूनच वेगळा निघाला.