निर्वासिताची जात पाहून उघडणारी दारे

1946 साली बाबासाहेबांना संविधान सभेत येण्यासाठी मुंबई प्रांतात वाट नव्हती. काँग्रेसने ती ठेवलीच नव्हती. वाट काढली बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमोशूद्र साथीदारांनी बाबासाहेबांना तिथून निवडून आणले. हे आम्ही दर 26 नोव्हेंबरला भाषणात सांगतो. पण फाळणीनंतर त्या नमोशूद्रांचे काय झाले, हे कोणी विचारले तर आमच्यातले बरेच जण गप्प होतात.

पूर्व बंगालमधून आधी आला तो मुख्यतः शिकलेला, सवर्ण भद्रलोक. कोलकात्याच्या दक्षिणेला जादवपूर भागात मोकळ्या जमिनी आणि लष्कराने सोडलेल्या बराकी ताब्यात घेऊन त्याने वसाहती उभारल्या. बंगालीत त्यांना 'जबरदखल कॉलनी' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ अतिक्रमण. पण तिथे कॉलनी समित्या झाल्या, कम्युनिस्ट पुढारी पाठीशी उभे राहिले, 1951 च्या निष्कासन कायद्याविरुद्ध मोर्चे निघाले. पुढे 1951 पूर्वीच्या सुमारे दीडशे वसाहती नियमित झाल्या. बेघराला घर मिळाले, आमची तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार पुढची आहे. मागाहून आलेल्या नमोशूद्र शेतकऱ्याला कोलकात्यात ना नातेवाईक होता ना ओळखीचा साहेब. त्याला छावणीत टाकले आणि 1958 च्या दंडकारण्य प्रकल्पात कोरापुट, बस्तरच्या खडकाळ माळावर पाठवले. ती जमीन आदिवासींची. त्यांना कोणी विचारले? भद्रलोकांच्या गावात जागा नाही म्हणून एका पीडिताला दुसऱ्या पीडिताच्या दारात नेऊन बसवले, आणि दोघांत भांडण लागले की पुढारी मोकळे!

विरोधात असताना डावे म्हणत, या लोकांना बंगालमध्येच वसवा. 1977 ला त्यांची सत्ता आली. 1978 मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबे त्या शब्दावर विसंबून निघाली आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर उतरली. त्यांनी सरकारकडे पैसा मागितला नाही. स्वतःच बांध घातले, शाळा, दवाखाना, होड्यांचा कारखाना उभा केला. आता मात्र सरकारला आठवले की हे राखीव जंगल आहे, इथे वाघ राहतात.

जानेवारी 1979 मध्ये बेटाची नाकेबंदी झाली. अन्न, औषध, पिण्याचे पाणीसुद्धा अडवले. 31 जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे केले. सरकारी आकडा दोन मृत्यूंचा, वाचलेले लोक शेकडो सांगतात.

या काळात त्यांना आपले कोणी मानले? शेजारच्या कुमीरमारी बेटावरच्या गरीब रहिवाशांनी. पाहुणे आपल्यासारखेच चिखलात राबणारे आहेत, हे त्यांनी ओळखले. कोलकात्यातल्या ज्या पुढाऱ्यांची कारकीर्द निर्वासितांच्या मोर्च्यांवर उभी राहिली, त्यांना ते दिसले नाही.

मित्रहो, हे फक्त बंगालपुरते नाही. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत हेच विस्थापित बंगाली वसले आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमोशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्यांचा विषय काढला की "आधीच जागा कमी, त्यात आणखी वाटेकरी कशाला?" असे म्हणणारे कार्यकर्ते आमच्यातही आहेत. 1946 ची गोष्ट सभेत सांगणारेही बहुधा तेच असतात.