जयपूरचे पाणी

आंबेरच्या डोंगरातून खाली उतरून सपाटीवर नवी राजधानी वसवावी, असे सवाई जयसिंहाने ठरविले त्यामागे अनेक कारणे होती; त्यांत पाण्याचे कारण लहान नव्हते. आंबेरला मावठा तलाव होता, जयगडावर पावसाचे पाणी साठविणारी मोठी टाकी होती. तथापि वाढत्या वस्तीला ती पुरेनाशी झाली. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरचा पाया घातला गेला. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताच्या साह्याने आखलेल्या या नगरीचे रुंद, सरळ रस्ते आणि काटकोनात मिळणारे चौक आजही पाहणाऱ्याला चकित करतात. परंतु त्या रस्त्यांखालून एके काळी पाणीही वाहत असे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. पश्चिमेकडील ओढ्याचे पाणी कालव्याने आणून ते बाजारपेठेतून खेळविले होते आणि मोठ्या चौकांत, ज्यांना तेथे चौपड म्हणतात, त्यासाठी कुंड बांधले होते. पुढे हे कुंड बुजले आणि विस्मृतीत गेले. एकविसाव्या शतकात मेट्रो रेल्वेच्या भुयारासाठी छोटी चौपड व बडी चौपड येथे खोदकाम झाले, तेव्हा त्यांचे दगडी बांधकाम पुन्हा उजेडात आले.

त्या काळी पाण्याची परीक्षा करण्याची साधने तीनच होती : डोळा, नाक आणि जीभ. गढूळ नाही, वास नाही आणि चवीला गोडे आहे, एवढे पटले की पाणी चांगले ठरे. राजस्थानासारख्या प्रदेशात तर ही परीक्षा मोठ्या मोलाची होती. देशाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी भूमी या एका राज्याकडे आहे. पण देशातील पृष्ठजलापैकी त्याच्या वाट्याला येते ते शेकडा एकाच्या आसपास. एक विहीर खारी, दुसरी मचूळ, तिसरी गोडी, असे तेथील गावोगावचे अनुभव. गोड्या विहिरीभोवती वस्ती वाढावी आणि खाऱ्या विहिरीवर गुरे जावीत, हा तेथला क्रमच होता. पुरुष-दोन पुरुष खोलीपर्यंत पायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या साध्या बावड्यांपासून ते दौसा जिल्ह्यातील आभानेरीच्या तेरा मजली चांद बावडीपर्यंत जे शिल्प उभे राहिले, ते पाण्याविषयीच्या याच आस्थेतून.

मात्र जे डोळ्याला स्वच्छ दिसते ते निर्धोक असतेच, असे नाही. हे राजस्थानाला प्रथम शिकविले ते नारूने. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश या भागांनाही हा रोग पुष्कळ परिचित होता. नारूचा कृमी पाण्यातील एका अतिसूक्ष्म कीटकाच्या पोटी वाढतो. तो कीटक पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की जवळजवळ वर्षभराने हातभर लांबीचा किंवा त्याहूनही मोठा कृमी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागतो. काडीवर गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढून काढावा, एवढाच उपाय लोकांना ठाऊक होता. वेदना शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवी, आणि त्या क्षणी कृमी आपली असंख्य पिल्ले पाण्यात सोडी. ज्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून घागर भरायची, त्याच विहिरीत रोग्याचा पाय बुडायचा. बावडीचे सौंदर्य ज्या पायऱ्यांत होते, त्या पायऱ्यांतूनच रोगाची वाट गेलेली होती.

या रोगावर ना लस होती ना गुणकारी औषध. तरीही तो नाहीसा झाला, तो केवळ पाणी सांभाळल्यामुळे. पाणी दुहेरी फडक्याने गाळावे, रोग्याने विहिरीत उतरू नये, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा सुधारून त्या जागी हातपंप बसवावेत, असा तो साधा कार्यक्रम होता. १९८३-८४ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर तो हाती घेण्यात आला. पाणी गाळून पिण्याची रीत जयपूरच्या जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या होतीच. अहिंसेच्या भावनेने पाळलेला तो आचार आरोग्याच्याही उपयोगी पडणारा होता. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ च्या जुलै महिन्यात जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. आरोग्याच्या इतिहासात एवढे निर्भेळ यश क्वचितच आढळते.

खेड्यांत हे घडण्याच्या शंभर वर्षे आधीच जयपूर शहराने वेगळी वाट धरली होती. महाराजा रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८७० नंतरच्या दशकात, शहराच्या पश्चिमेस वाहणाऱ्या अमानीशाह नाल्याचे पाणी यंत्राने वर चढवून नळांनी शहरात खेळविण्यात आले. या नाल्याचे जुने नाव द्रव्यवती. सॅम्युअल स्विंटन जेकब हे इंग्रज अभियंते त्या काळी संस्थानाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख होते. नळ आला आणि पाण्याची परीक्षा करण्याचे काम गृहिणीच्या हातून निघून अभियंत्याच्या हाती गेले. हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी फार मोठा होता. विहिरीवर जाणाऱ्या बाईला पाणी कोठून येते ते दिसत असे; नळाखाली घागर धरणारीला ते दिसेनासे झाले.

शहर वाढत गेले तसा पाण्याचा शोधही लांबवर गेला. महाराजा माधोसिंह दुसरे यांनी १८९७ साली बाणगंगा नदीवर जमवा रामगढ येथे धरणाचा आरंभ केला. ते १९०३ साली पुरे झाले आणि १९३१ पासून त्याचे पाणी जयपूरला मिळू लागले. १९०१ च्या शिरगणतीत सुमारे एक लाख साठ हजार लोकवस्तीचे असलेले हे शहर २०११ मध्ये तीस लाखांच्या घरात गेले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती ज्या रामगढ तलावात झाल्या, तो तलाव पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कोरडा पडला. पाणलोटात ठिकठिकाणी बांध झाले, अतिक्रमणे झाली आणि ओढे तलावापर्यंत पोचेनासे झाले. मग शहराची तहान भागविली ती कूपनलिकांनी. बिसलपूर धरणाचे पाणी येण्यापूर्वीच्या वर्षांत जयपूरच्या नळांना येणारे पाणी जवळजवळ सर्व भूमिगत होते.

येथेच या कथेला वेगळे वळण लागते. भूमिगत पाणी हे निसर्गाने वाळूतून गाळलेले पाणी. त्यात नारूचा कीटक नसतो, गढूळपणा नसतो. कडक उन्हाळ्यातही ते थंडगार लागते. मनुष्याच्या तिन्ही जुन्या कसोट्यांना ते उतरते. परंतु ज्या दोन द्रव्यांपासून जयपूरच्या परिसराला धोका आहे, ती या तिन्ही कसोट्यांना चकवितात. एक फ्लोराइड, दुसरे नायट्रेट. दोन्हींना रंग नाही, गंध नाही आणि पाण्यात ज्या प्रमाणात ती आढळतात त्या प्रमाणात चवही नाही.

फ्लोराइड येते ते खडकांतून. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकात मुरून राहते, तितके ते अधिक विरघळण्याचा संभव असतो; त्यातही चुन्याचा अंश कमी असलेल्या क्षारयुक्त पाण्यात ते सहज उतरते. भारतात १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराची प्रथम नोंद केली. मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे व मग तपकिरी डाग पडतात. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांची हाडे जड होतात, सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो. नागौर, अजमेर आणि जयपूर या जिल्ह्यांच्या सीमेलगतचा एक पट्टा 'बांका पट्टी' या नावाने ओळखला जातो. बांका म्हणजे वाकडा. भूगोलाच्या पुस्तकाने न दिलेले हे नाव लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाकलेल्या पाठी पाहून दिले. विदर्भात चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांनाही हे दुःख अपरिचित नाही.

नायट्रेटची कथा याहून अंतर्मुख करणारी आहे, कारण ते बहुतांशी माणसाच्याच दारातून जमिनीत जाते. शौचकूप, गटारे, गोठे आणि शेतातली खते यांतील नत्राचे मातीतील सूक्ष्म जंतू नायट्रेट करतात आणि पाण्याबरोबर ते खाली उतरते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉम्ली या डॉक्टरांनी दोन तान्ह्या मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन त्यांचे अंग निळे पडले होते. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप पालटते आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. सहा महिन्यांखालील मुलांना हा धोका सर्वांत अधिक. जयपूर शहराखालच्या आणि भोवतालच्या भूजलात अनेक ठिकाणी नायट्रेटचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले आहे. आणि ज्या अमानीशाह नाल्याने शहराला पहिले नळ दिले, तो नाला पुढे शहराचे सांडपाणी आणि सांगानेरच्या रंगाऱ्यांचे रंगीत पाणी वाहू लागला. जे जमिनीवर टाकले ते जमिनीत मुरले आणि जे मुरले ते कूपनलिकेतून परत वर आले. २०१६ मध्ये द्रव्यवतीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले गेले, त्यामागे ही जाणीव आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, आणि या मर्यादेत कोणतीही सवलत नाही. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरे पाणीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. सामान्य कुटुंबाचा समज असा की, शंका आली तर पाणी उकळावे. रोगजंतूंसाठी हा उपाय उत्तम. पण नायट्रेट वा फ्लोराइड उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते द्रव्य मागे राहून किंचित अधिक दाट होते. क्लोरीन जंतूंना मारते, या दोन द्रव्यांना नाही. एका रोगावरचा रामबाण दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरतो, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

उपाय नाहीत असे मात्र नाही. फ्लोराइडसाठी चुना आणि तुरटी यांच्या साह्याने पाणी निवळण्याची एक स्वस्त पद्धत १९७० नंतरच्या दशकात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली. तेव्हाच्या आंध्रातील ज्या जिल्ह्याने हा विकार सोसला त्याच्या नावावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरून २००९ पासून जयपूरला पाणी येऊ लागले. त्यामुळे शहराचा कूपनलिकांवरील भार हलका झाला आणि आसपासच्या काही भागांनाही ते पाणी मिळाले. पण जेथे नदीचे पाणी पोचत नाही, त्या गावांचा आणि शहराच्या कडेवरील वसाहतींचा आधार आजही एखादी कूपनलिका, एक उंच टाकी आणि चार गल्ल्यांतून गेलेला नळ हाच असतो. अशा छोट्या योजनेजवळ प्रयोगशाळा नसते, रसायनज्ञ नसतो. शिवाय पाणी दिवसातून थोडा वेळच सुटत असेल तर रिकाम्या नळात दाब राहत नाही, आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. विहिरीवर उत्तम असलेले पाणी घरी येईपर्यंत दूषित झालेले असू शकते.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपामुळे पटकी पसरली, हे जॉन स्नो यांनी दाखवून दिले. त्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडती होती की, दूर राहावयास गेलेली एक वृद्ध स्त्री ते मुद्दाम मागवून घेत असे. ते पिऊनच ती दगावली. जिभेच्या साक्षीवर विसंबणे किती महाग पडते, याचे याहून करुण उदाहरण नाही.

म्हणून पाण्याची परीक्षा एकदा करून भागत नाही. पावसाळ्यानंतरचे पाणी वेगळे, वैशाखातले वेगळे. शंभर हातांवरचे वेगळे आणि तीनशे हातांवरचे वेगळे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे साधे साहित्य व शिक्षण द्यावे, अशी तरतूद करण्यात आली. तिचे महत्त्व रसायनापुरते नाही. नळ आला तेव्हा जी परीक्षा घागर भरणाऱ्या बाईच्या हातून निसटली होती, ती या वाटेने पुन्हा तिच्या हाती येऊ शकते. फक्त आता डोळा व जीभ यांच्या जोडीला रंग पालटणारी एक काचेची नळी आहे. मात्र त्या नळीने जे दाखविले ते गावाच्या चावडीवर सर्वांना वाचता येईल असे लिहिले गेले पाहिजे, आणि निकाल वाईट आला तर तान्ह्या मुलाच्या दुधासाठी दुसरे पाणी कोठून आणावयाचे, हेही त्याच फळ्यावर असले पाहिजे.

बडी चौपडीचा कुंड कित्येक वर्षे मातीखाली होता. खोदल्यावर त्याचे दगड जसेच्या तसे निघाले. जमीन आपल्या पोटी घातलेले असेच जतन करून ठेवते, मग तो शिल्पकाराचा चिरा असो की गटारातला मळ. जयपूरच्या तीन शतकांच्या पाण्याने शिकविलेला धडा तो हाच.