आपल्या आधी पंढरीला पोचणारे पाणी

आळंदीहून माउलींची पालखी पुण्याकडे वळते आणि इंद्रायणी मागे राहिली असे आपल्याला वाटते. पण ती मागे राहत नाही. देहू आणि आळंदीचे काठ धुऊन ती तुळापूरला भीमेला मिळते. पुढे मुळा-मुठेचे आणि घोडनदीचे पाणी घेऊन भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. सासवडला सोपानकाकांच्या समाधीजवळून वाहणारी कऱ्हा नीरेत जाते. ज्या नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, ती नीरा नरसिंहपूरला भीमेला येऊन मिळते. वाटा निराळ्या, मुक्काम एकच. पंढरपुरात या सगळ्या नद्या मिळून चंद्रभागा होतात. तिथे भीमेने चंद्रकोरीसारखे वळण घेतले, म्हणून हे नाव.

भीमाशंकरच्या डोंगरावर पाऊस कोसळतो, तर पंढरपूरचा मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडा. इथे आभाळ निरभ्र असतानाही वाळवंटात पूर येतो, तो वरच्या पावसाचा. खालच्या माणसाचे जगणे वरच्यावर अवलंबून असते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

या खोऱ्यात उगमाजवळच्या डोंगरांत महादेव कोळी राहतात, आणि पंढरीच्या वाळवंटात पुंडलिकाची सेवाही महादेव कोळ्यांकडेच आहे. माळरानावर मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, अरणला मळा राखणारे सावतोबा, पंढरीतले शिंपी नामदेवराय, मंगळवेढ्याचे चोखोबा, अशी कितीतरी माणसे या पाण्यावर जगली. उजनी धरणासाठी कित्येक गावांनी आपली घरे आणि देवळे पाण्याखाली दिली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर दिसते. खालची शेते भिजतात ती या त्यागावर.

पण इतिहास सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. नदीने चोखोबांना अडवले नाही, देवळाने अडवले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली, अशी परंपरा आहे. समाधी दाराशी आली, पण त्यांच्या समाजाला दार उघडायला कित्येक शतके लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते उघडले. पायऱ्यांवर माथा टेकताना हे आठवावे.

आज दार सगळ्यांना उघडे आहे, पण पाणी मात्र मैले झाले आहे. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण इंद्रायणीत जाते, पालख्यांच्या तळांवरचा कचरा ओढ्यांत जातो. वरच्याने सोडलेले खालच्याच्या वाट्याला येते. आळंदीत आपण जे पाण्यात टाकतो, ते आपल्या आधी पंढरीच्या वाटेला लागलेले असते. मग एकादशीला त्याच पाण्यात आपण स्नान करतो आणि तेच तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो.

तेव्हा माउली, यंदा आळंदीत इंद्रायणीला हात जोडताना निर्माल्य आणि पिशवी पाण्यात सोडू नका. दिंडीतल्या शेजाऱ्यालाही प्रेमाने थांबवा. नदी राखणे हीही वारीच आहे.

रामकृष्ण हरी.