डिलकोपासून पी०३३५ पर्यंत : इंजिनाच्या नाडीपरीक्षेचा इतिहास

१/ धावती गाडी अचानक बंद पडते. अर्ध्या तासाने इंजिन थंड झाले की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. आजच्या गॅरेजमध्ये या लक्षणावरून पहिला संशय घेतला जातो तो क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचा. बोटभर लांबीच्या या भागावर एवढी जबाबदारी कशी आली आणि त्याचा दोष ओळखण्याची रीत कशी घडली, याचा हा इतिहास.

२/ मूळ प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे : ठिणगी नेमकी केव्हा पडावी? पिस्टनची वर-खाली हालचाल क्रँकशाफ्ट फिरत्या गतीत बदलतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एक अंश फिरतो तो सेकंदाच्या १८,००० व्या भागात. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिनाला उलटा धक्का बसतो. उशिरा पडली तर इंधन वाया जाते.

३/ १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये हा निर्णय चालकाच्या हाती होता. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा दांडा वर-खाली करून तो ठिणगीची वेळ ठरवी. हँडल मारून गाडी सुरू करताना ठिणगी उशिराच्या बाजूस नेणे विसरले, तर हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे.

४/ चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलनव्यवस्था दिली. त्यांच्या ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’चे लघुनाम डेल्को. भारतातील जुन्या मिस्त्रींच्या तोंडी डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डिलको’ म्हणतात. कंपनीचे नाव असे सामान्यनाम झाले.

५/ या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट उघडला की ठिणगी पडे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा मिस्त्री पॉइंट घासून साफ करी, फीलर गेजने फट मोजी आणि इंजिनाचा आवाज ऐकत डिलको किंचित फिरवी. निदान डोळा, कान आणि हात यांच्या भरवशावर चाले. पॉइंट हळूहळू झिजत आणि गाडी आचके देऊन त्याची पूर्वसूचना देई.

६/ हीच झीज पुढे अडचणीची ठरली. वेळ चुकली की न जळलेले इंधन धुराड्यातून बाहेर पडे. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानंतर अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला हवा व इंधन यांचे काटेकोर प्रमाण लागे. हे काम झिजणाऱ्या यंत्राकडून होण्यासारखे नव्हते.

७/ १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली आली. इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच संगणकाकडे गेला. मात्र संगणकाला क्रँकशाफ्ट दिसत नाही. त्याची स्थिती कळवणारा साक्षीदार हवा होता. तो म्हणजे सेन्सर.

८/ यामागचे विज्ञान एकोणिसाव्या शतकातले. फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतप्रवर्तनावर दोन तारांचा सेन्सर चालतो, तर एडविन हॉल यांना १८७९ मध्ये आढळलेल्या परिणामावर, सामान्यतः तीन तारांचा, दुसरा प्रकार. अनेक गाड्यांत सेन्सरसमोर ६० दातांच्या जागा असलेले चक्र फिरते. त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोर आली की संगणकाला फेऱ्यातली खूण सापडते.

९/ इथे जोखीमही बदलली. सेन्सर मुका झाला तर इंजिन फिरते आहे, हेच संगणकाला कळत नाही. बहुतेक गाड्यांत ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबतात. पॉइंटसारखी पूर्वसूचना मिळेलच असे नाही. तापल्यावर कॉइलची बारीक तार तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणूनच आरंभी सांगितलेले ते लक्षण.

१०/ निदानाची भाषाही कायद्याने घडवली. १९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना समान दोषसंकेत बंधनकारक झाले. त्यांतला पी०३३५ हा क्रँकशाफ्ट सेन्सरच्या ‘सर्किट’चा संकेत. सेन्सर बिघडला असे तो म्हणत नाही. त्या मार्गावर कुठेतरी गडबड आहे, एवढेच सांगतो. तार, कनेक्टर, चक्राचा दात, मधली फट, यांपैकी काहीही दोषी असू शकते.

११/ इतिहासकार एका कागदावर विसंबत नाही, तसाच चांगला मिस्त्री एका संकेतावर. स्टार्टर फिरवताना स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा शून्य राहतो का, हे तो पाहतो. मग तारा आणि फट तपासतो. दोन तारांच्या सेन्सरचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजतो. हॉल सेन्सरला मात्र ओहममापक न लावता त्याचा वीजपुरवठा आणि संदेश तपासतो. शेवटी ऑसिलोस्कोपवर तरंग पाहतो. नियमित अंतराने दिसणारी गाळलेल्या दातांची जागा सोडून आणखी कुठे खंड दिसला, तर दोष बहुधा चक्रात असतो आणि नवा सेन्सर बसवूनही गाडी बरी होत नाही.

१२/ भारतात हे वळण न्यायालयातून आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ एप्रिल १९९९ च्या आदेशाने राजधानी क्षेत्रातील खासगी मोटारींना युरो मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. डिलकोवर हयात घालवलेल्या मिस्त्रींपुढे एकाएकी सीलबंद पेटी आली.

१३/ ती पेटी वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायदादुरुस्तीने प्रदूषणाशी निगडित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. तरीही २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी कौल द्यावा लागला. पॉइंटची फट कोणालाही मोजता येत होती. सेन्सरची साक्ष मात्र ज्याच्याकडे स्कॅनर आणि माहिती आहे त्यालाच ऐकू येते. बाकीच्यांनी अंदाजाने भाग बदलायचे आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाने मोजायचे.