एक संसार, दोन गावे

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गेल्या वर्षी बरेच दिवस एकच विषय चालला होता. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कला नोकरीस, सूनबाई फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात. दोन्ही शहरांमधील अंतर नव्वद मैलांहून अधिक. बिऱ्हाड कोठे करावयाचे? घरातील वडीलधाऱ्यांचे मत सरळ होते: दोघांपैकी एकाने नोकरी सोडावी आणि दुसऱ्याच्या गावी जाऊन राहावे. ‘एकाने’ म्हणजे कोणी, हे कोणी उच्चारीत नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. “आमच्या वेळी असले प्रश्नच नव्हते,” असेही एकदा उद्गार निघाले. ते ऐकून प्रस्तुत लेखकास इतिहासाची पाने पुन्हा उलटून पाहावीशी वाटली. कारण हा प्रश्न होता. आणि मराठी दांपत्यापुढे तो ज्या भूमीत प्रथम ठळकपणे उभा राहिला, ती भूमी म्हणजे हाच न्यूयॉर्क ते फिलाडेल्फियाचा पट्टा होय.

वाचकांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव ऐकले असेलच. पहिली मराठी स्त्री-डॉक्टर म्हणून त्यांचे चरित्र पाठ्यपुस्तकांतून आपण वाचले आहे. परंतु ते चरित्र एका टपाल-नोकराच्या बिऱ्हाडाचा इतिहास म्हणून वाचले, तर निराळेच काही हाती लागते.

यमुना गणपतराव जोशी ही कल्याणच्या घराण्यातील मुलगी. ३१ मार्च १८६५ रोजी तिचा जन्म झाला व नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी लागले. गोपाळराव विधुर, वयाने पुष्कळच मोठे, आणि टपाल खात्यात नोकर. पत्नीला शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास. सासरमाहेरच्या माणसांच्या गराड्यात ते साधेना, म्हणून त्यांनी अलिबागेस बदली करून घेतली. आमचे वाचक येथे थोडे थांबतील, हे आम्ही जाणून आहो! ज्या अलिबागेत आपल्या लोकांची वस्ती आणि प्रार्थनालय, त्याच गावात आनंदीबाईंचे शिक्षण खऱ्या अर्थाने मार्गी लागले. बदली ही नोकरदारास सामान्यतः आपत्ती वाटते. टपाल, रेल्वे आणि पलटणीत आयुष्ये काढलेल्या आपल्या वाडवडिलांना तो फेरा चांगला परिचित होता. कर्ता पुरुष कराचीस अथवा एडनला, आणि बायकामुले कोकणातील गावी, हे चित्र कित्येक घरांत होते. गोपाळरावांनी मात्र बदलीचे साधन केले. बायकोच्या अभ्यासास कोणते गाव सोयीचे, हे पाहून नोकरीचे ठिकाण मागणारा मनुष्य त्या काळात विरळाच.

त्यानंतर कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि १८८१ पासून कलकत्ता, बराकपूर व श्रीरामपूर अशी ही बिऱ्हाडे फिरत गेली. मधल्या काळात आनंदीबाईंना मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाला असता तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे होती.

कोल्हापूरच्या मुक्कामात गोपाळरावांनी एक पत्र लिहिले. पूर्वी कोल्हापुरास असलेले व नंतर अमेरिकेत परतलेले मिशनरी रॉयल वाइल्डर यांना ते होते. त्यांतील मागणी नीट पाहण्यासारखी आहे. पत्नीस अमेरिकेत शिकता यावे एवढीच ती नव्हती. आपल्यालाही तेथे काही काम मिळेल काय, अशी विचारणा तीत होती. म्हणजे या दांपत्याचा मूळ बेत एकत्र राहण्याचा होता. एकाची शाळा आणि दुसऱ्याची नोकरी एकाच गावी असावी, याहून अधिक त्यांचे मागणे नव्हते. वाइल्डर यांनी धर्मांतराचा मार्ग सुचविला. तो या उभयतांना मान्य झाला नाही, आणि नोकरीचे ते दार तेथेच मिटले. पत्रव्यवहार मात्र वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला, आणि १८८० साली न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी तो दंतवैद्याच्या दिवाणखान्यात आपला क्रम येण्याची वाट पाहता पाहता वाचला. पुढची सारी हकिकत त्या वाचनातून निघाली. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले, मावशी-भाचीचे नाते जडले, आणि अमेरिकेत एका घराचा दरवाजा उघडा झाला.

अमेरिकेस जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात इंग्रजीतून व्याख्यान दिले. लोक जे प्रश्न विचारीत ते त्यांनी एकामागून एक घेऊन त्यांची उत्तरे दिली. हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, या प्रश्नावर त्यांनी मद्रासचा विचार सांगितला. तेथील मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश होता. पण पतीची नोकरी बंगालात आणि आपण मद्रासेस. एकट्या ब्राह्मण स्त्रीने तेथे राहावे कोणाच्या आधाराने? मुंबईत पुस्तके घेऊन शाळेस जाताना लोकांनी केलेली विटंबना आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर सोसलेला उपहास त्या विसरल्या नव्हत्या. आम्हांस या उत्तरात फार मोठे शहाणपण दिसते. नकाशावर मद्रास जवळ आणि अमेरिका सात समुद्रांपलीकडे. परंतु मद्रासेत घर नव्हते आणि रोझेलमध्ये होते. अंतर मैलांनी मोजावयाचे की माणसांनी, हा निर्णय अठरा वर्षांच्या एका मुलीने घेतला.

दुसरा प्रश्न होता: एकटी का जातेस? त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा. दोघांनीच जावे असा प्रथम विचार होता. पण पैसा पुरेसा नाही, आणि पतीवर वृद्ध आईवडील व धाकटी भावंडे अवलंबून आहेत. एका जिवाच्या सोबतीसाठी इतक्या जिवांना उपाशी ठेवणे अन्यायाचे होईल. यात कोठेही गहिवर नाही. घरखर्चाचा हिशेब मांडून घेतलेला तो निर्णय आहे, आणि आजही अशी बहुतेक दांपत्ये याच हिशेबाने निर्णय घेतात.

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीने त्या निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा कार्पेंटर कुटुंबात काढून पुढे फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी नाव घातले. १८५० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या अधिष्ठाता त्या वेळी रेचल बॉडली या होत्या. शिक्षण फिलाडेल्फियात, घर रोझेलमध्ये, आणि पती श्रीरामपूरच्या टपाल कचेरीत. असा हा तीन ठिकाणचा संसार दोन वर्षांहून अधिक चालला. दुसऱ्यांची पत्रे पोहोचविणाऱ्या मनुष्याचा स्वतःचा संसार केवळ पत्रांवर चालावा, हा विचित्र योग. पत्राचे उत्तर हाती येण्यास कित्येक आठवडे लागत. रुसवा निवळेपर्यंत त्याचे कारणही विस्मृतीत जाई.

ती पत्रे गोड नव्हती, हे सांगितलेच पाहिजे. गोपाळराव संशयी, तापट व बोलण्यात अत्यंत तिखट. लहानपणी अभ्यासावरून त्यांनी केलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत केला आहे. समोर असताना जे बोलण्याची छाती झाली नाही, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून लिहिता आले. ताटातुटीने त्यांना वाचाही दिली.

१८८५ साली गोपाळराव पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत आले. ते धावत पत्नीकडे गेले, असे मात्र नाही; गावोगावी व्याख्याने देत, अमेरिकनांवर टीका करीत ते फिरले. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास ते होते, आणि पंडिता रमाबाईही खास आल्या होत्या. त्यानंतर बिऱ्हाडाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, पण या वेळी उलट्या बाजूने. कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले. आता गाव ठरवीत होती ती पत्नीची नोकरी! ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी ते पत्र धाडले होते, तेथेच दोघांचे घर व्हावयाचे होते. ते झाले नाही. क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील स्मशानभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत, ती पुरण्यात आली. तेथे आनंदीबाईंच्या नावाची शिळा आहे.

पुरुष दूर गेला तर एवढा गाजावाजा होत नाही. धर्मानंद कोसंबी १९१० साली ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले; १९१८ साली पुन्हा गेले तेव्हा मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. त्यांच्या पत्नी बाळाबाई यांनी वियोगाची वर्षे कशी काढली, याविषयी मात्र विद्वानांच्या चरित्रांत फार थोड्या ओळी आढळतात.

अमेरिकन लोकांनी हा प्रश्न आपल्याआधी सोडविला असेल, असा कोणाचा समज असल्यास तोही खरा नव्हे. मंदीच्या काळात, १९३२ साली, तेथील सरकारने कायदा केला की, नोकरकपात करताना ज्यांचा जोडीदारही सरकारी नोकरीत आहे त्यांना प्रथम काढावे. गेल्या त्या बहुतेक स्त्रियाच. १९३७ साली ते कलम रद्द झाले. विद्यापीठांतही नवराबायकोस एकत्र न नेमण्याचे नियम होते. मारिया गोपर्ट-मेयर या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ पतीच्या नोकरीमागून बाल्टिमोर, न्यूयॉर्क, शिकागो अशा फिरल्या आणि कित्येक वर्षे त्यांनी जवळजवळ बिनपगारी काम केले. पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद त्यांना १९६० साली सॅन डिएगोस मिळाले, तेही पतीच्या बरोबरीने. आणि तीन वर्षांनी नोबेल पारितोषिक!

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आपल्याकडील डॉक्टर मोठ्या संख्येने तेथे गेले. तेथे नव्या डॉक्टरांना रुग्णालये वाटून देण्याची एक राष्ट्रीय पद्धत १९५२ पासून चालू आहे. उमेदवार आपला पसंतिक्रम देतात, रुग्णालये आपला देतात, आणि जुळणी मध्यवर्ती यंत्रणा करते. नवराबायको दोघेही डॉक्टर असली की ही जुळणी बिघडे. पूर्वी जोडप्याने आपल्यातील एकास ‘अग्रणी’ म्हणून जाहीर करावयाचे, आणि त्याला जे गाव मिळेल तेथे दुसऱ्याची सोय लावावयाची, अशी रीत होती. अग्रणी कोण होई, हे सांगावयास नको. पुष्कळ जोडपी या यंत्रणेकडे पाठ फिरवून आपल्या आपण जागा शोधीत. अखेर १९८४ पासून दोघांनी मिळून जागांच्या जोड्याच लिहून देण्याची मुभा मिळाली: ही याची जागा आणि ती तिची, मिळाली तर दोन्ही, नाहीतर पुढची जोडी. दिसावयास सोपी, पण गणिताच्या दृष्टीने अवघड गोष्ट. १९९८ साली तिची सुधारित पद्धत अमलात आली. ती तयार करणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आनंदीबाई व गोपाळराव यांनी कोल्हापुराहून जी मागणी केली, ती या देशात रीतसर अर्जात लिहिता येण्यास शंभराहून अधिक वर्षे गेली.

आता आमच्या स्नेह्यांच्या मुलाचे. त्यांनी न्यूयॉर्क सोडले नाही, फिलाडेल्फियाही सोडले नाही. मध्ये, न्यूजर्सीतील एडिसन येथे घर पाहिले. हे गाव मराठी व गुजराती मंडळींनी गजबजलेले. १९५४ साली त्यास त्या प्रसिद्ध संशोधकाचे नाव मिळाले. याच एडिसनने आनंदीबाई उतरण्याच्या काही महिने आधी, जानेवारी १८८३ मध्ये, रोझेल गाव खांबांवरील तारांनी विजेच्या दिव्यांत उजळविले होते. तेव्हा आनंदीबाईंनी तो प्रकाश बहुधा पाहिला असावा. कराचा हिशेबही या जोडप्याने केला: पेनसिल्व्हेनिया व न्यूजर्सी यांच्यात करार असल्याने तेथील पगारावर राज्याचा कर राहत्या राज्यातच भरावयाचा (फिलाडेल्फिया शहराचा पगारकर मात्र सुटत नाही), तर न्यूयॉर्कशी असा करार नाही, तेथे आधी भरून मग घरच्या राज्यात वजावट मागावयाची. दिवसाचे तीन-साडेतीन तास गाडीत जातात, ही सूनबाईंची तक्रार आहे; ती रास्त आहे. सकाळी ते उत्तरेची गाडी धरतात आणि त्या दक्षिणेची. ट्रेंटनला उतरून फिलाडेल्फियाची दुसरी गाडी गाठतात. शनिवारी कोणी कोठे जात नाही.