तळटीप ७ : शातोनफ-द्यू-पाप

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठचे गाव. वाइनचेही नाव तेच. १४व्या शतकात पोपची गादी जवळच्या आविन्योंला होती. बाविसावा पोप जॉन याने इथे किल्ला बांधवला, त्यावरून पुढे पोपचे नाव गावाला चिकटले. ही वाइन सहसा एका द्राक्षाची नसते. ग्रनाश मुख्य, जोडीला सिरा, मूर्वेद्र वगैरे; नियमाने १३ जातींची मुभा. बऱ्याच मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते गोल गोटे. दिवसा तापतात, रात्री वेलींना ऊब देतात. १९३६ पासून नावाला कायद्याचे संरक्षण आहे. नगराध्यक्षांनी १९५४मध्ये उडत्या तबकड्यांनाही गावच्या हद्दीत उतरायला बंदी घातली! कथानायक या वाइनमध्ये बर्फ घालतो, ते मात्र कोणत्याच नियमात बसत नाही.