सुवर्णयुगाचे कागद

आदर्श फिलिपिनो समाज स्पॅनिश गलबतं येण्याआधी एकदा होऊन गेलाय, आता तो परत आणायचा आहे, ही कल्पना आज तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिचा माग काढत गेलं की आपण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचतो.

तिथे १८८८-८९ मध्ये होसे रिझाल हा डोळ्यांचा डॉक्टर अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचं फिलिपिन्सवरचं १६०९ सालचं पुस्तक हाताने उतरवून घेत होता. १८९० मध्ये पॅरिसहून त्याने ते सटीप छापलं. खरी मजा टिपांतच आहे. इथल्या लोकांना मासे कुजायला लागले की आवडतात, असं मोर्गा लिहून गेला होता. रिझालने तळटीपेत त्याला फैलावर घेतलं: हे बागूंग, आणि ज्याने ते चाखलंय त्याला ते सडकं नसतं हे पक्कं ठाऊक आहे. सुकट-बोंबलावर वाढलेल्याला हा राग समजावून सांगायला नको. पूर्वजांची जहाजबांधणी, त्यांच्या तोफा, त्यांचा व्यापार यांवरही टिपा आहेत. आमच्याकडे सगळं होतं, तुमच्या राज्यात ते गेलं, हा एकूण सूर. प्रस्तावना लिहिणाऱ्या ब्लुमेंट्रिट या मित्राने तिथेच कान टोचले, की गतकाळाला आजचे निकष लावू नयेत. रिझालने तेही छापलं. एवढा प्रामाणिकपणा पुढच्यांना जमला नाही.

जुलै १८९२ मध्ये मनिलात ‘ला लिगा फिलिपिना’ स्थापन केल्यावर काही दिवसांतच रिझालला दापितानला हद्दपार केलं गेलं. तिथे त्याने शाळा काढली, रोगी तपासले, गावाच्या पाण्याची सोय केली. इकडे आन्द्रेस बोनिफासिओने ‘कातिपुनान’ ही गुप्त संघटना उभारली. स्पॅनिश येण्याआधी सुबत्ता होती, बायकापोरांनाही लिहिता-वाचता येत होतं, असं त्याने लिहिलं. रिझालचंच म्हणणं, पण तळटिपा गळालेलं. क्रांतीला तळटिपा परवडत नाहीत, हेही खरं. त्याचा तरुण सहकारी एमिलिओ हासिंतो याची आचारसंहिता मला जास्त मोलाची वाटते. माणसाची किंमत गोऱ्या कातडीवर किंवा धारदार नाकावर ठरत नाही, हे सांगायला त्याला सुवर्णयुगाची साक्ष काढावी लागली नाही.

मग अमेरिकन राज्य आलं आणि साक्षीपुरावे चक्क तयार करण्यात आले. १९१४ मध्ये नेग्रोस बेटावरच्या होसे मार्को याने मनिलाच्या ग्रंथालयाला काही जुनी हस्तलिखितं दिली. त्यांत पानाय बेटावरच्या कलांतियाव नावाच्या सरदाराचा १४३३ सालचा कायदा होता. कलमं अठरा. शिक्षा काय, तर मुंग्यांपुढे टाकणं, मगरींच्या तोंडी देणं. असल्या राज्यात राहायला कोण तयार होईल? पण गोऱ्यांच्या आधी आपल्याकडे लेखी कायदा होता, याचंच अप्रूप इतकं, की आत काय लिहिलंय याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. तो पाठ्यपुस्तकांत गेला, बातान गावी त्याचं स्मारक झालं.

१९६८ मध्ये सागादाच्या डोंगरात शिकवणाऱ्या विल्यम हेन्री स्कॉट या अमेरिकन अभ्यासकाने डॉक्टरेटच्या प्रबंधात या कायद्याचा एकेक धागा उसवला. सगळे धागे मार्कोपाशी येऊन थांबत होते. समोर परीक्षक म्हणून नामांकित इतिहासकार बसले होते. त्यांनी प्रबंध मान्य केला. तरीही १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी कलांतियावच्या नावाने सन्मान सुरू केला. १९७२ मध्ये लष्करी कायदा आला, त्याला ‘नवा समाज’ हे गोंडस नाव मिळालं, आणि गावपातळीच्या प्रशासकीय घटकाला पूर्वजांच्या वस्तीचं ‘बारांगाय’ हे नाव चिकटलं. त्या धरपकडीत स्कॉटही काही काळ आत होता.

मार्कोस देश सोडून पळाल्यावर आलेल्या १९८७ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत सुवर्णयुग नाही. न्याय्य, माणुसकीचा समाज घडवायचा आहे, असं ती म्हणते आणि सत्य, समता यांच्या रांगेत ‘प्रेम’ही बसवते. कलांतियावला मात्र राष्ट्रीय इतिहास संस्थेने अधिकृतपणे निराधार ठरवायला २००४ साल उजाडलं. धाकटे मार्कोस राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, २०२४ मध्ये, सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत ध्वजवंदनाच्या वेळी ‘नवं फिलिपिन्स’ या सरकारी मोहिमेचं गीत आणि प्रतिज्ञा म्हणण्याचा आदेश निघाला.